गर्दी ओसरल्यावरचं बार्बाडोस

२९ जून २०२४ ची रात्र तुमच्या घरातही जागीच असेल. भारताने दक्षिण आफ्रिकेला अवघ्या ७ धावांनी हरवून टी-२० विश्वचषक जिंकला आणि कर्णधार रोहित शर्माने केन्सिंग्टन ओव्हलच्या खेळपट्टीचा एक कण तोंडात टाकला. आपल्याकडे मध्यरात्र होत आली होती, तिकडे बार्बाडोसमध्ये भर दुपार होती. दोनच दिवसांनी हेच बेट वेगळ्या कारणाने बातम्यांत आलं. बेरिल नावाचं चक्रीवादळ जवळून जाणार म्हणून विमानतळ बंद झाला आणि जगज्जेता संघ हॉटेलातच अडकून पडला. ४ जुलैच्या सकाळी तो दिल्लीत उतरला, तेव्हा कुठे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

कॅरिबियन बेटांचा ऑफ सीझन कसा असतो, ते या एका आठवड्यात दिसलं. एकीकडे मोकळं आकाश, दुसरीकडे बंद विमानतळ. म्हणूनच "स्वस्तात मिळतंय, चला" असं म्हणून तिकीट काढणंही बरोबर नाही आणि "वादळं येतात, नकोच" म्हणून नकाशावर फुली मारणंही बरोबर नाही. महिना नीट निवडला, किनारा नीट निवडला आणि कार्यक्रमांची गर्दी केली नाही, तर भारतीय कुटुंबासाठी बार्बाडोसची सर्वात निवांत सुट्टी ऑफ सीझनमध्येच होऊ शकते. कशी, ते पाहूया.

ऑफ सीझन म्हणजे नेमकं काय?

ऑफ सीझन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पावसाळ्यातला गोवा येतो. शॅक उतरवलेले, समुद्र खवळलेला, पोहायला मनाई. बार्बाडोसचं गणित वेगळं आहे. तिथला हाय सीझन साधारण डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत असतो, कारण त्या काळात ब्रिटन, कॅनडा आणि अमेरिकेतले लोक घरच्या थंडीला कंटाळून उन्हाच्या शोधात तिथे येतात. एप्रिलमध्ये त्यांच्याकडे वसंत सुरू झाला की ते येणं कमी होतं. म्हणजे सीझन संपतो तो त्यांच्या घरची हवा बदलल्यामुळे. बेटावरचं ऊन संपलेलं नसतं.

बार्बाडोस विषुववृत्ताच्या उत्तरेला १३ अंशांवर आहे, म्हणजे जवळजवळ चेन्नईच्याच अक्षांशावर. पण चेन्नईसारखी काहिली तिथे होत नाही, कारण पूर्वेकडून येणारे व्यापारी वारे बहुतेक काळ वाहत असतात. वर्षभर तापमान साधारण २४ ते ३१ अंशांच्या आसपास राहतं आणि समुद्राचं पाणी बाराही महिने कोमट असतं. जून ते नोव्हेंबर हा पावसाळा. पण एरवीचा पाऊस म्हणजे सर येते, अर्धा-पाऊण तास कोसळते आणि पुन्हा ऊन पडतं. मुंबईचा जुलै अनुभवलेल्या माणसाला त्याचं फारसं काही वाटणार नाही.

बेट आहे तरी केवढं? लांबी सुमारे ३४ किलोमीटर, रुंदी सुमारे २३ किलोमीटर. लोकसंख्या तीन लाखांहून थोडी कमी. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला दिवस घालवावा लागत नाही. प्रवासाची दगदग नको असलेल्या आजी-आजोबांसाठी आणि गाडीत चुळबुळ करणाऱ्या मुलांसाठी ही मोठीच सोय आहे.

कोणता महिना निवडायचा?

ऑफ सीझन तब्बल आठ महिन्यांचा आहे आणि हे आठही महिने सारखे नाहीत. आपल्या दृष्टीने त्यांचे चार भाग पडतात.

एप्रिलचा उत्तरार्ध ते जूनचा पहिला पंधरवडा: भारतीय कुटुंबांसाठी हा सर्वात सोयीचा काळ. आपल्या बहुतेक शाळांची उन्हाळी सुट्टी नेमकी याच वेळी येते. तिथला कोरडा मोसम संपत आलेला असतो, वादळांचा मोसम अधिकृतरीत्या १ जूनपासून सुरू होत असला तरी सुरुवातीला तो सहसा शांत असतो आणि हॉटेलांचे दर उतरलेले असतात.

जुलै आणि ऑगस्टची सुरुवात: हा क्रॉप ओव्हर या उत्सवाचा काळ. उसाची तोडणी संपल्याचा हा जुना सोहळा. मधल्या काळात तो मागे पडला होता, १९७४ मध्ये त्याला पुन्हा उभारी देण्यात आली. ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी ग्रँड कॅडूमेंट ही मोठी मिरवणूक निघते. पिसांचे आणि चमचमणारे पोशाख, कानठळ्या बसवणारं संगीत आणि रस्ताभर नाच. रिहाना ही जगप्रसिद्ध गायिका मूळची इथलीच, तीही या मिरवणुकीत अनेकदा सामील झाली आहे. मजा भरपूर, पण शांतता हवी असेल तर हा आठवडा टाळा. शिवाय परदेशात राहणारे बार्बाडोसचे लोक याच वेळी घरी येतात, त्यामुळे विमानाची तिकिटंही महाग असतात.

ऑगस्टचा मध्य ते ऑक्टोबरचा मध्य: दर सर्वात कमी, कारण धोका सर्वात जास्त. अटलांटिकमधल्या वादळांचा हा ऐन भर. शिवाय काही हॉटेलं आणि रेस्टॉरंट्स रंगरंगोटी आणि डागडुजीसाठी याच दिवसांत, विशेषतः सप्टेंबरमध्ये, काही आठवडे बंद असतात. लहान मुलं किंवा वयस्कर मंडळी सोबत असतील, तर हा काळ सोडून द्या.

नोव्हेंबर ते डिसेंबरचा पहिला आठवडा: दिवाळी घरी साजरी करून निघायचं असेल तर हा काळ छान. नोव्हेंबरमध्ये पाऊस असू शकतो, पण वादळांचा जोर ओसरू लागतो आणि ३० नोव्हेंबरला त्यांचा मोसम अधिकृतपणे संपतो. हाच बार्बाडोसचा स्वातंत्र्यदिन. १९६६ मध्ये याच तारखेला देश स्वतंत्र झाला आणि २०२१ मध्ये याच तारखेला ब्रिटनच्या राणीऐवजी स्वतःचा राष्ट्राध्यक्ष असलेलं प्रजासत्ताक बनला.

तीन बाजूंचे तीन समुद्र

बेटाभोवती समुद्र एकच असला तरी त्याचा स्वभाव बाजूगणिक बदलतो. राहण्याची जागा ठरवण्याआधी हे समजून घेतलं नाही, तर आठ दिवस चुकीच्या किनाऱ्यावर बसून निघून जातात.

पश्चिम किनारा कॅरिबियन समुद्राकडे तोंड करून आहे. पाणी एरवी तळ्यासारखं शांत. होलटाऊन, पेन्स बे, मलिन्स हे किनारे याच बाजूला. लहान मुलं, नुकतंच पोहायला शिकलेले आणि गुडघाभर पाण्यात उभं राहून सूर्यास्त पाहण्यातच समाधान मानणारे, या सगळ्यांसाठी ही बाजू उत्तम. हॉटेलं इथली सर्वात महाग. म्हणूनच ऑफ सीझनमधली दरकपात इथे खऱ्या अर्थाने जाणवते.

दक्षिण किनाऱ्यावर लाटा थोड्या खेळकर असतात आणि बजेटही आटोक्यात राहतं. रॉकली, वर्दिंग, डोव्हर हे किनारे इथे आहेत. हेस्टिंग्जपासून रॉकलीपर्यंत पाण्याच्या कडेने सुमारे दीड किलोमीटरचा लाकडी फळ्यांचा रस्ता बांधलेला आहे. सकाळ-संध्याकाळ तिथे स्थानिक लोक चालायला, पळायला येतात. घरच्या ज्येष्ठांचा रोजचा फेरफटका चुकणार नाही.

पूर्व किनारा थेट अटलांटिकला भिडलेला आहे. बाथशेबा इथलं सर्वात प्रसिद्ध ठिकाण. पाण्यात उभे असलेले प्रचंड खडक, फेसाळत्या लाटा आणि जगभरातून आलेले सर्फर. हा समुद्र पाहायचा, ऐकायचा, पण त्यात पोहायला उतरायचं नाही. खालून ओढून नेणारे प्रवाह जबरदस्त आहेत. ओहोटीच्या वेळी खडकांमध्ये साठलेल्या उथळ डबक्यांत बसून मात्र छान डुंबता येतं. तेही स्थानिकांना विचारूनच.

आणि राजधानी ब्रिजटाऊनला लागून आहे कार्लाइल बे. इथल्या पाण्यात बुडालेल्या जुन्या जहाजांभोवती मासे फिरतात आणि समुद्री कासवंही दिसतात. पोहता येत नसेल तरी लाइफ जॅकेट घालून, गाइडच्या सोबतीने ती पाहता येतात. कासवांना हात लावू नका, त्यांना काही खाऊ घालू नका. पहाटे लवकर उठलात तर याच किनाऱ्याच्या पेबल्स बीचवर शर्यतीचे घोडे समुद्रात अंघोळीला आणलेले दिसतील. जवळच्या गॅरिसन सॅव्हाना रेसकोर्सचे हे घोडे. या दृश्याला तिकीट नाही, फक्त अलार्म लावावा लागतो.

हॉक्सबिल जातीच्या कासविणी अंडी घालायला किनाऱ्यावर येतात, तो मुख्य हंगामही साधारण मे ते ऑक्टोबर असा ऑफ सीझनमध्येच येतो. रात्री किनाऱ्यावर टॉर्च किंवा मोबाइलचा फ्लॅश वापरू नका, प्रकाशाने पिल्लांची दिशा चुकते.

बार्बाडोसमधले सगळे किनारे सार्वजनिक आहेत, हेही लक्षात ठेवा. महागड्या हॉटेलासमोरच्या वाळूवर बसण्याचा हक्क सगळ्यांना आहे. त्यामुळे दक्षिणेला परवडणाऱ्या ठिकाणी राहून, बसने पश्चिमेला जाऊन दिवसभर पोहून येणं सहज जमतं.

एक अडचण आधीच सांगते. २०११ पासून कॅरिबियन बेटांवर सरगॅसम नावाचं तपकिरी समुद्री शेवाळ मोठ्या प्रमाणात वाहून येऊ लागलं आहे. ते किनाऱ्यावर कुजलं की सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो. वसंतापासून ऑगस्टपर्यंत त्याचा त्रास जास्त आणि तोही मुख्यतः पूर्व व दक्षिण किनाऱ्यांवर. पश्चिमेला तो सहसा कमी असतो. बुकिंग करण्यापूर्वी हॉटेलला मेसेज करून या आठवड्यात किनारा कसा आहे, एवढं विचाराच. जाहिरातीतले फोटो नेहमी स्वच्छ दिवसाचेच असतात.

ताटात काय येतं?

बार्बाडोसचा राष्ट्रीय पदार्थ आहे कूकू आणि फ्लाइंग फिश. कूकू म्हणजे मक्याचं पीठ आणि भेंडी एकत्र घोटून केलेला मऊ गोळा. तांदळाची उकड करणाऱ्यांना ही कृती लगेच कळेल. गुठळी होऊ नये म्हणून सतत ढवळत राहायचं आणि त्यासाठी लाकडाची खास चपटी काठीच असते. सोबत टोमॅटो-कांद्याच्या रस्स्यात शिजवलेला फ्लाइंग फिश. हा मासा पाण्यावरून उडत गेल्यासारखा झेपावतो, म्हणून हे नाव. त्याचा हंगाम साधारण डिसेंबर ते जून. एप्रिल-मे मध्ये गेलात तर ताजा मिळण्याची शक्यता अधिक, नंतर बहुधा साठवणीतला.

मॅकरोनी पाय हा मुलांचा हमखास आवडता पदार्थ. चीज घालून भाजलेला मॅकरोनी, वडीसारखा चौकोनी कापून देतात. फिश केक म्हणजे खारवलेल्या माशाची भजी. ती पावात घालून विकतात, तेव्हा तिला ब्रेड अँड टू म्हणतात. पाव आणि दोन भजी. आपल्या वडापावचा हा सागरी भाऊच. टेबलावर पिवळ्या सॉसची बाटली दिसली तर जरा जपून. मोहरी, हळद आणि स्कॉच बॉनेट मिरचीचा हा पेपर सॉस भल्याभल्यांच्या डोळ्यांत पाणी आणतो.

मेन्यूवर डॉल्फिन लिहिलेलं पाहून मुलं रडायला लागली, तर त्यांची समजूत काढा. इथे डॉल्फिन म्हणजे माही-माही नावाचा मासा. आपल्याला माहीत असलेल्या डॉल्फिनशी त्याचा संबंध नाही.

शुक्रवारची संध्याकाळ ऑइस्टिन्ससाठी राखून ठेवा. दक्षिण किनाऱ्यावरचं हे मासेमारांचं गाव. मासळी बाजाराशेजारी ओळीने टपऱ्या आहेत. निखाऱ्यावर ट्यूना, मार्लिन, माही-माही भाजले जातात, लांबलचक बाकांवर अनोळखी माणसांशेजारी बसून जेवायचं. एका बाजूला तरुणांचं संगीत आणि दुसरीकडे जुन्या गाण्यांवर जोडीने नाचणारी साठी-सत्तरीची मंडळी. ऑफ सीझनमध्ये पर्यटक कमी आणि आसपासची घरंदारं जास्त, त्यामुळे रांगही छोटी आणि गप्पाही मोकळ्या. शुक्रवारची गर्दी नको असेल तर बाकीच्या दिवशीही तिथल्या बऱ्याच टपऱ्यांवर जेवण मिळतं.

नोव्हेंबरमध्ये गेलात तर कॉन्कीज जरूर शोधा. मक्याचं पीठ, ओलं खोबरं, लाल भोपळा, रताळं, मनुका आणि मसाले एकत्र करून केळीच्या पानात गुंडाळून वाफवतात. स्वातंत्र्यदिनाच्या आसपास घरोघरी होणारा हा पदार्थ. हळदीच्या पानातल्या पातोळ्या खाल्लेल्यांना चव नवी लागेल, पण वास ओळखीचा वाटेल.

शाकाहारी असाल तर

उपाशी राहावं लागणार नाही, पण प्रत्येक ठिकाणी विचारून खावं लागेल. राइस अँड पीज हा रोजचा भात. त्यातले पीज म्हणजे बहुतेक वेळा चक्क तुरीचे दाणे! मात्र चवीसाठी त्यात खारवलेलं डुकराचं मांस घालण्याची पद्धत आहे, म्हणून "यात मांस आहे का?" हे विचाराच. कूकू नुसता मागवता येतो, पण वरचा रस्सा माशाचा नाही ना याची खात्री करा. ब्रेडफ्रूट म्हणजे कोकणात आणि गोव्यात मिळणारा नीरफणस. तो भाजून, उकडून किंवा तळून मिळतो. तळलेली पिकी केळी, रताळी, भोपळा आणि पालेभाज्या बऱ्याच ठिकाणी असतात. रास्ताफारी पंथाचे लोक चालवतात त्या इटल पद्धतीच्या खाणावळींमध्ये मांस-मासे वापरत नाहीत, तिथे निश्चिंतपणे जेवता येतं.

आणि रोटी! त्रिनिदाद आणि गयानामध्ये एकोणिसाव्या शतकात भारतातून गिरमिटिया मजूर नेले गेले, त्यांच्यासोबत रोटी कॅरिबियनमध्ये पोहोचली. बार्बाडोसमध्ये असे मजूर फारसे आले नाहीत, पण शेजारच्या बेटांची रोटी मात्र आली आणि रुळली. छोले-बटाट्याची रस्सेदार भाजी भरून घडी घातलेली रोटी इथे सहज मिळते. बेटावर भारतीय वंशाचा एक छोटा समाजही आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून बंगाल आणि गुजरातमधून आलेले व्यापारी दारोदार फिरून हप्त्यावर कपडे विकत, त्यांचीच ही पुढची पिढी.

जैन जेवण मात्र बाहेर मिळणं कठीण. त्यांनी स्वयंपाकघर असलेला फ्लॅट घ्यावा हे बरं.

सुट्टी सगळ्यांची, आईचीसुद्धा

फ्लॅटचा विषय निघालाच आहे, तर थोडं थांबूया. पैसे वाचवण्यासाठी स्वयंपाकघर असलेली जागा घेतली जाते, सोबत पोहे, मेतकूट, थालीपिठाची भाजणी जाते आणि मग समुद्र समोर असतानाही सकाळी आठ वाजता गॅससमोर कोण उभं असतं, हे सांगायला नको. नाश्ता कुणाला काय हवा, ओले टॉवेल कुठे वाळत घालायचे, गोळ्या घेतल्या का, हे सगळं घरी जी बाई करते तीच परदेशातही करत राहते. फोटोत सगळे हसत असतात, पण सुट्टी घरातल्या एकाला मिळालेलीच नसते.

ऑफ सीझनचा खरा फायदा इथे करून घ्या. खोलीच्या भाड्यात जे वाचतं, त्यातून आणखी दोन सहली जोडण्याऐवजी ते जेवणावर खर्च करा. स्वयंपाकघर असू द्या, पण त्याचा उपयोग चहा, फळं आणि मुलांच्या अधल्यामधल्या भुकेपुरता. सकाळचा नाश्ता आळीपाळीने बाबा आणि मोठ्या मुलांनी करायचा, एक वेळचं जेवण बाहेर, हा नियम निघण्यापूर्वीच ठरवून टाका. तिथे गेल्यावर ठरत नाही.

दुसरा नियम, दिवसाला एकच कार्यक्रम. बेट लहान आहे, काहीही हातातून निसटत नाही. एक दिवस हॅरिसन्स केव्ह या चुनखडीच्या गुहेचा. तिथे ट्रामसारख्या गाडीत बसून आत जाता येतं, त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांनाही जमतं. एक दिवस बाथशेबाचा. एक दिवस ब्रिजटाऊन आणि गॅरिसनचा, जो परिसर २०११ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. या सुंदर इमारतींमागे उसाच्या मळ्यांचा आणि आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या श्रमांचा इतिहास आहे. गुलामगिरी कायद्याने संपली ती १८३४ मध्ये आणि त्यानंतरही सक्तीची उमेदवारी १८३८ पर्यंत चालली. हे मुलांना सांगा. क्रॉप ओव्हरचा नाच नुसता नाच नाही, हे त्यांना तेव्हा कळेल.

घरात क्रिकेटवेडे असतील तर केन्सिंग्टन ओव्हल त्याच दिवशी उरकता येईल. रोहितच्या संघाच्या खूप आधी, १९७१ मध्ये याच मैदानावर मुंबईच्या सुनील गावसकर यांनी नाबाद ११७ धावा काढल्या होत्या. पदार्पणाच्या त्या मालिकेत त्यांनी एकूण ७७४ धावा केल्या. आजोबांना हे आकडे पाठ असतील, त्यांनाच गाइड करा.

बाकीचे दिवस रिकामे ठेवा. अगदी रिकामे. समुद्र, पुस्तक, झोप.

वादळाची तयारी, घाबरगुंडी नव्हे

बार्बाडोस कॅरिबियन बेटांच्या मुख्य रांगेपासून बाजूला, पूर्वेकडे आहे. त्यामुळे अनेक वादळं त्याला चुकवून जातात. १९५५ च्या जॅनेटनंतर थेट २०२१ मध्ये एल्सा हे चक्रीवादळ या बेटावर आदळलं. पण चुकवून गेलेलं वादळही नुकसान करतं. २०२४ मध्ये बेरिल दक्षिणेकडून निघून गेलं, तरी उसळलेल्या समुद्राने कोळ्यांच्या बोटींची मोठी नासधूस केली. शेजारच्या ग्रेनाडाच्या कॅरियाकू बेटावर तर हाहाकार उडाला. म्हणून जून ते नोव्हेंबरमध्ये जाणार असाल तर पुढची काळजी घ्याच.

प्रवास विमा तिकिटासोबतच काढा. वादळाला नाव मिळाल्यानंतर काढलेल्या विम्यात त्या वादळाचं नुकसान सहसा धरलं जात नाही. विम्यात सहल रद्द होणं, लांबणं आणि अडकून पडल्यास राहण्याचा खर्च हे तिन्ही आहेत का, ते वाचून घ्या.

हॉटेल आणि तिकीट बदलता येण्याजोगं घ्या. थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.

औषधं ठरलेल्या दिवसांपेक्षा किमान एक आठवडा जास्तीची न्या. मधुमेह, रक्तदाब असलेल्यांसाठी हे सर्वात महत्त्वाचं.

परतीच्या दुसऱ्याच दिवशी ऑफिस, परीक्षा किंवा लग्नकार्य ठेवू नका.

हवामान खात्याच्या सूचनांमधले दोन शब्द लक्षात ठेवा. वॉच म्हणजे साधारण ४८ तासांत चक्रीवादळाची परिस्थिती येण्याची शक्यता, वॉर्निंग म्हणजे ३६ तासांत ती अपेक्षित. वॉच लागला की हॉटेलला विचारून त्यांच्या सूचना पाळा आणि विमान कंपनीशी बोला.

निघण्यापूर्वी

भारतातून थेट विमान नाही. लंडन, अमेरिका किंवा कॅनडामार्गे जावं लागतं. बार्बाडोसमध्ये पर्यटनासाठी भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा काढावा लागत नाही, पण खरी अडचण वाटेतल्या देशाची असते. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी तिथला व्हिसा लागतो, आणि ब्रिटन किंवा कॅनडामार्गेही ट्रान्झिट व्हिसाची गरज पडू शकते. नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी दूतावासाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. त्रिनिदाद जोडून करणार असाल तर यलो फीव्हरची लस आणि तिचं प्रमाणपत्र लागेल, नाहीतर भारतात परतताना अडवलं जाऊ शकतं.

दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकी डॉलर, हा दर ठरलेला आहे आणि अमेरिकी नोटा जवळपास सगळीकडे घेतात. रेस्टॉरंटच्या बिलात बहुधा १० टक्के सेवाशुल्क आधीच धरलेलं असतं, ते पाहूनच टिप द्या. मेन्यूवरच्या किमती कुठल्या डॉलरमध्ये आहेत हेही विचारा.

बसचं भाडं कितीही अंतराला एकच आहे, साडेतीन बार्बाडोस डॉलर. निळ्या सरकारी बस, पिवळ्या मिनीबस आणि जोरात गाणी लावून धावणाऱ्या पांढऱ्या झेडआर व्हॅन, तिन्हींत बसून पाहा. थांब्यांवर शहराकडे आणि शहराबाहेर एवढंच लिहिलेलं असतं, चुकायला वाव कमी. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात. बसमध्ये किंवा दुकानात शिरताना आधी गुड मॉर्निंग, गुड इव्हिनिंग म्हणा. इथे तो शिष्टाचार आहे, थेट प्रश्न विचारणं उद्धट समजतात.

वीज ११५ व्होल्टची आणि पिनही अमेरिकी पद्धतीची. मोबाइलचे चार्जर चालतात, पण घरून नेलेली इलेक्ट्रिक किटली किंवा इस्त्री नीट चालणार नाही. लष्करी छापाचे कपडे घालायला कायद्याने बंदी आहे, अगदी लहान मुलांनाही. बॅग भरतानाच ते बाजूला काढा. नळाचं पाणी पिण्यायोग्य आहे. पावसाळ्यात डेंग्यूचे डास असतात, मलम न्या. आणि किनाऱ्यावर मँचिनीलचं झाड ओळखायला शिका. त्याची फळं छोट्या हिरव्या सफरचंदांसारखी दिसतात, पण फळ, पान, चीक सगळंच विषारी. पावसात त्याच्याखाली उभं राहिलं तरी अंगावर फोड येऊ शकतात. अनेक ठिकाणी खोडावर लाल पट्टा किंवा धोक्याची पाटी असते.

खर्च करताना एक गोष्ट ध्यानात असू द्या. गर्दी ओसरते तेव्हा आपल्याला शांतता मिळते, पण टपरीवाली, नारळपाणीवाला, टॅक्सीचालक आणि हॉटेलात खोल्या आवरणाऱ्या बायका यांची कमाई त्याच महिन्यांत रोडावते. म्हणून दरात आधीच सवलत मिळालेली असताना मासेवालीशी आणखी घासाघीस करू नका. सगळे पैसे हॉटेलच्या पॅकेजमध्येच न अडकवता चार घास बाहेर खा, भाजी बाजारातून घ्या, खोली आवरणाऱ्या ताईला शेवटच्या दिवशी नव्हे तर रोज थोडी टिप ठेवा.

आणि तिकीट काढण्याआधी एका रविवारी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा. या सुट्टीत काय काय करायचं, याची यादी प्रत्येकाकडे तयारच असते. त्याऐवजी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: या सुट्टीत तुला काय करायचं नाहीये? लवकर उठायचं नाही, स्वयंपाक करायचा नाही, फोन उचलायचा नाही, फोटोसाठी उभं राहायचं नाही. ही यादी आधी करा. मग महिना, किनारा आणि हॉटेल ठरवणं सोपं जाईल.